तुळशीत भांग, मुळाशी शेणखत

घरच्या कुंडीत शेणखत-गांडूळखतावर वाढवलेला गांजा ‘सेंद्रिय’ म्हणून निरुपद्रवी ठरतो, हा युक्तिवाद आम्हांला शब्दाचा गैरवापर वाटतो. धोतराही नैसर्गिकच उगवतो. ‘तुळशीत भांग’ म्हणताना मराठीने रोपाचा गुण पाहिला. खत कोणते, हे विचारले नाही. १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदाही ते विचारीत नाही. फुलोऱ्याला तो गांजा मानतो, नुसत्या पानांना त्या व्याख्येतून वगळतो. परवान्याविना लागवडीस मात्र १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतो. एका कुंडीसाठी हे प्रमाणात आहे काय, यावर वाद व्हायला हवा. जर्मनीने २०२४ मध्ये प्रौढांना घरी तीन रोपांची मुभा दिली, तेव्हा चर्चा काळ्या बाजाराची आणि तरुणांच्या आरोग्याची होती. आपले समर्थक अजून गांडुळांनाच साक्षीला बोलावतात!