पंख तिरका राहू द्या

आमचे खामगाव चांदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. माझ्या सासऱ्यांची सारी हयात याच चांदीवर नक्षी कोरण्यात गेली. तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताच्या सौम्य झटक्याने त्यांच्या उजव्या हाताची पकड ढिली झाली. चालणे-बोलणे पूर्ववत झाले, बोटे मात्र मागे राहिली. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू चार दिवस हाती असे, पाचव्या दिवशी तो उशाखाली जाई. जुनी हत्यारे समोर ठेवली की ते मान फिरवीत. ज्या हाताने आयुष्यभर नाजूक काम केले, त्याच हाताचे अपयश पाहणे त्यांना असह्य होत होते. हे उमजायला मला फार वेळ लागला.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर एक खोके सापडले. माझ्या यजमानांना शाळकरी वयात कोणीतरी भेट दिलेले, कधीच न जोडलेले प्लास्टिकचे विमान! खोक्यावर ‘हायाबुसा’ असे नाव होते. ‘‘ही तर मोटारसायकल!’’ नातू म्हणाला. त्या जपानी शब्दाचा अर्थ बहिरी ससाणा. नाकाजिमा कंपनीचे हे लढाऊ विमान १९४१ मध्ये जपानी भूसेनेत दाखल झाले आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सातत्याने वापरले गेले. त्याच आघाडीवर मराठा पलटणीचे जवानही लढत होते. मामंजींचे एक चुलते तिकडे होते. ‘‘काका या विमानांचा आवाज सांगायचे,’’ एवढेच बोलून त्यांनी खोके जवळ ओढले.

मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी ही प्रतिकृती. पंखांचा विस्तार जेमतेम १५ सेंटिमीटर. जुन्या साच्यातले भाग असल्याने कडांना प्लास्टिकची पातळ झालर आलेली. मामंजींनी स्वतः होऊन बारीक कानस मागितली. चिमटाही त्यांचाच निघाला. चांदीकामात त्यांना स्वतःच्याच नावलौकिकाशी तुलना करावी लागत असे. इथे मात्र ते नवशिके होते. चुकण्याची लाज नव्हती.

पंखांवर चिकटवायची लाल वर्तुळांची चित्रे काळाने पिवळी पडली होती. नातवाने माहिती काढली, त्यानुसार तो कागद उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवला. काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरला. चित्रे पाण्यात विरघळून तुकडे होऊ नयेत म्हणून आधी पारदर्शक वॉर्निशचा पातळ हात दिला. रोज सकाळी चहानंतर मामंजी खिडकीशी जाऊन रंग पाहत. उद्याची वाट पाहण्यासारखे काहीतरी त्या घरात पुन्हा आले होते.

आणि मग माझ्या हातून चूक घडली. त्यांनी जोडलेला डावा पंख किंचित तिरका बसला होता. रात्री मी तो हलकेच सोडवून सरळ चिकटवला. सकाळी त्यांनी विमान डोळ्यांजवळ धरले, खाली ठेवले आणि म्हणाले, ‘‘सूनबाई, आता तुम्हीच पुरे करा.’’ पुढचे चार दिवस त्यांनी त्याला हात लावला नाही. माझ्या मदतीने त्यांच्यापासून नेमके तेच हिरावले होते, जे पक्षाघातानेही पूर्ण नेले नव्हते. मी क्षमा मागितली. पाचव्या दिवशी त्यांनी तो पंख काढून पुन्हा स्वतः जोडला. पुन्हा तिरकाच!

पक्षाघातानंतर मेंदूचे निरोगी भाग सरावाने काही प्रमाणात नवे मार्ग घडवतात. म्हणूनच रुग्णाला अर्थपूर्ण वाटणारे काम पुन्हा पुन्हा करण्यावर पुनर्वसनात भर असतो. हे काम विमानच असावे असे नाही. वाती वळणे, शेंगा सोलणे, गोधडी शिवणे यांनीही बोटे हलती राहतात. मात्र ते नेमून दिलेल्या व्यायामाला पर्याय नव्हे, पूरक आहे.

काही पथ्ये पाळावीत. बैठक वीस-पंचवीस मिनिटांची असावी आणि कोपर टेबलावर टेकलेले असावे. उजेड बाजूने यावा. भाग घरंगळू नयेत म्हणून खाली पांढरा टॉवेल अंथरावा. प्लास्टिक जोडण्याच्या द्रावणाचा वास उग्र असतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, दमा असल्यास ते टाळावे. रंग पाण्यात मिसळणारे घ्यावेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर पाते दुसऱ्याने चालवावे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीजवळ बारीक भाग ठेवू नयेत, ते तोंडात जाण्याचा धोका असतो. सोबत करणाऱ्याने भाग धरून द्यावा. जोडणे मात्र त्यांच्यावर सोपवावे.

या विमानाच्या आरेखनात हिदेओ इतोकावा यांचा सहभाग होता. युद्धानंतर ते जपानच्या अग्निबाणविद्येचे जनक ठरले. पुढे एका लघुग्रहाला त्यांचे नाव मिळाले आणि ‘हायाबुसा’ याच नावाच्या यानाने २०१० मध्ये त्या लघुग्रहाची धूळ पृथ्वीवर आणली. नातवाने हे वाचून दाखवले तेव्हा मामंजी म्हणाले, ‘‘आपल्या लोणारला तो दगड स्वतःहून आला होता!’’ कित्येक महिन्यांनी घर खळखळून हसले.

विमानाला शेवटी चंदेरी रंग दिला. ‘‘ही काही चांदी नव्हे,’’ असे बजावूनच. चांदीकामाकडे मामंजी अजून वळलेले नाहीत, कदाचित वळणारही नाहीत. पण सदऱ्याची बटणे ते आता स्वतः लावतात. वेळ लागतो. मी दाराशी थांबते आणि हात पाठीमागे बांधून ठेवते.