मदतगाडी तयार उभी हवी

भूकंप, महापूर, वणवा यांचे वृत्त आले की सरकारांकडून सहानुभूतीचे संदेश निघतात, निधी उघडले जातात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. रेल्वे कामगाराचा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो : गाडी किती वाजता सुटली? अपघात मदतगाडी वेगळ्या सायडिंगवर सामानसुमानासह कायम उभी का ठेवायची, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. हूटर वाजल्यावर डबे जमवायला लागलो तर मदत पोचेपर्यंत माणसे उरायची नाहीत. युरोपातील पुढारलेल्या म्हणवणाऱ्या देशांना ही साधी गोष्ट समजायला जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि ती पुरती समजली असे आजही म्हणवत नाही.

डिसेंबर १९०८ मध्ये इटलीतील मेसिना शहर भूकंपाने आणि समुद्राच्या लाटांनी जमीनदोस्त झाले. सर्वांआधी पोचणाऱ्यांत रशियन युद्धनौकांवरचे खलाशी होते. त्या नौका जवळपास होत्या, हा निव्वळ योगायोग. अशा योगायोगावर माणसांचे प्राण टांगू नयेत, सर्व देशांनी विम्यासारखी वर्गणी भरून कायमची व्यवस्था उभारावी, अशी कल्पना इटालियन रेडक्रॉसचे जोव्हान्नी चिराओलो यांनी पहिल्या महायुद्धानंतर मांडली. १९२७ साली जिनिव्हात करारही झाला. पण वर्गणीचा विषय निघाला की सरकारांचे हात आखडतात. पैशाविना ती संस्था कागदावरच राहिली.

त्यानंतर अनेक दशके मदत शेजारधर्मानेच चालली. तो शेजारधर्म खोटा होता असे मुळीच नाही. १७ ऑगस्ट १९९९ रोजी तुर्कस्तानात इझमितजवळ भूकंप होऊन सतरा हजारांहून अधिक माणसे दगावली, तेव्हा ग्रीसचे बचावपथक धावून गेले. तीनच वर्षांपूर्वी हे दोन देश एका ओसाड बेटापायी युद्धाच्या तोंडाशी आले होते! पुढे तीन आठवड्यांत अथेन्स हादरले आणि तुर्की स्वयंसेवक तिकडे गेले. दोन्ही देशांतील सामान्य माणसाने एकमेकांविषयी जे केले, ते मुत्सद्द्यांना वर्षानुवर्षे जमले नव्हते.

व्यवस्था म्हणावी असे काही उभे राहिले ते २००१ मध्ये, युरोपीय संघाच्या नागरी संरक्षण यंत्रणेच्या रूपाने. आज संघाचे २७ देश आणि बाहेरचे नॉर्वे, तुर्कस्तान, युक्रेन यांसारखे दहा देश तिच्यात आहेत. ब्रुसेल्समध्ये चोवीस तास चालणारे केंद्र आहे. आपले कंट्रोल ऑफिस डोळ्यांपुढे आणा, म्हणजे काम कळेल. संकटातील देश मागणी नोंदवतो, केंद्र ती सर्वांना कळवते, ज्याच्याकडे पंप, विमान, श्वानपथक असेल तो देऊ करतो. वाहतूक खर्चाचा मोठा वाटा संघ उचलतो. जुलै २०१८ मध्ये स्वीडनची जंगले पेटली तेव्हा पोलंडने सुमारे १४० जवान आणि चाळीसहून अधिक वाहने पाठवली. तो ताफा रस्त्याने उत्तरेकडे निघाला तेव्हा स्वीडिश लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याच वेळी पोलंडच्या सरकारचे ब्रुसेल्सशी न्यायालयांवरून कडाक्याचे भांडण चालू होते. बंबावरच्या माणसांना त्याचे सोयरसुतक नव्हते.

परंतु यंत्रणेचे मर्म ऐच्छिकपणात आहे, आणि दुखणेही तेथेच. कंट्रोलने आदेश न देता नुसती विनंती करावी, आणि प्रत्येक डेपोने आपली सोय पाहून इंजिन द्यावे, अशी ही तऱ्हा. २०१७ मध्ये पोर्तुगालच्या वणव्यांत शंभराहून अधिक माणसे मेली. दक्षिण युरोप एकाच वेळी पेटला की प्रत्येकाला आपले विमान घरीच हवे असते. फेब्रुवारी २०२० मध्ये इटलीने करोनाच्या साथीत मास्क मागितले तेव्हा तर एकही सदस्य देश पुढे आला नाही. उलट फ्रान्स आणि जर्मनीने आपल्याकडील मास्कची निर्यात रोखली. साथ म्हणजे भूकंप नव्हे, असे कोणी म्हणेल. परीक्षा मात्र तीच होती. एप्रिलमध्ये आयोगाच्या अध्यक्षांनी युरोपीय संसदेत इटलीची माफी मागितली.

धडा अगदीच वाया गेला नाही. २०१९ पासून 'रेस्क-ईयू' नावाचा सामाईक राखीव ताफा आहे, २०२० पासून औषधे आणि उपकरणांचे साठेही. यालाच आपण सायडिंगवरची गाडी म्हणतो. २०२२ च्या उन्हाळ्यापासून तर रुमानिया, बल्गेरिया, फ्रान्स, जर्मनी आदी देशांचे जवान आग लागण्यापूर्वीच ग्रीसमध्ये नेऊन ठेवले जाऊ लागले. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये एव्रोस भागातील आगीने ऐंशी हजारांहून अधिक हेक्टर जमीन गिळली. त्या जंगलात अठरा माणसांचे जळालेले देह एकत्र सापडले. ते सीमा ओलांडून आलेले स्थलांतरित असावेत, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. विमानांसाठी सीमा उघडल्या गेल्या होत्या!

आणि खुद्द ग्रीसच्या कामगारांचे काय? तेथे सुमारे अडीच हजार अग्निशामक हंगामी आहेत. वणव्याच्या मोसमापुरते कामावर घ्यायचे आणि ऑक्टोबरअखेर घरी पाठवायचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालू होता. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर कायम नोकरीची मागणी घेऊन ते अथेन्समध्ये मंत्रालयापाशी जमले, तेव्हा त्यांच्यावर दंगलविरोधी पोलीस घालण्यात आले. आपल्याकडील हंगामी गँगमनला किंवा टपाल खात्यातील खातेबाह्य सेवकाला ही कहाणी परकी वाटणार नाही. परदेशी पथकांचे स्वागत करावेच. पण जंगलाची वाट, पाण्याची जागा आणि वाऱ्याचा रोख ठाऊक असलेला माणूस स्थानिकच असतो. हिवाळ्यात हाच माणूस वाळलेले झुडूप तोडील, आगपट्टे साफ ठेवील, गावकऱ्यांना तयार करील. या कामाचा पगार एका विमानाच्या किमतीपुढे किती असेल, याचा हिशेब युरोपच्या अर्थमंत्र्यांनी एकदा मांडून दाखवावा.