‘शाया’ म्हटलं म्हणून मार्क कापणाऱ्या परीक्षकांना

मंडळी, परवा आपल्याच भागातल्या एका वक्तृत्व स्पर्धेत आठवीतली पोरगी बोलली, “माझी शाया नदीजवय हाये.” परीक्षक हसले, मग सगळं सभागृह हसलं. उच्चारशुद्धीचे मार्क गेले. परीक्षक काही पुण्या-मुंबईचे नव्हते बरं का. इथलेच, घरी ‘जेवाले ये’ म्हणणारे.

माझा सवाल साधा आहे. तुम्हाला कळलं नाही का? ते वाक्य ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढं शाईच्या बाटल्या आल्या? नाही ना! कारण मेंदू एकेक अक्षर पारखत बसत नाही. मागचं-पुढचं बघून शब्द ओळखतो, आणि हेल नवा असला तर भराभर त्याची सवय करून घेतो. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे: स्पॅनिश आणि चिनी वळणाचं इंग्रजी पहिल्यांदा समजायला श्रोत्यांना वेळ लागला, पण मिनिटभराच्या आतच कान रुळले. तिथं तर हेल परक्या भाषेचा होता. इथं आपलीच वऱ्हाडी!

म्हणजे कान अडत नाही, अडतो तो मान. 2010 साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना छोटी-छोटी विधानं ऐकवली. बोलणारा फक्त लिहून दिलेलं वाचतोय, हे आधीच सांगितलं होतं. तरी परक्या हेलातलं तेच विधान लोकांना कमी खरं वाटलं! ऐकायला जरा जास्त कष्ट पडले, आणि त्या कष्टाचा दंड बोलणाऱ्याला.

हे फक्त स्पर्धेपुरतं असतं तर मी लिहिलंही नसतं. उद्या हीच पोरगी मुलाखतीला जाईल, कोर्टात साक्ष देईल, डॉक्टरला दुखणं सांगेल. तिथंही तिचं खरं बोलणं असंच तोलणार का? (सिरीयलमध्ये वऱ्हाडी बोलणारा गडीच का असतो, त्यावर पुन्हा कधीतरी.)

मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. ‘लीळाचरित्र’ हा मराठीचा आद्य गद्यग्रंथ आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा, हे भाषणात छाती फुगवून सांगतो. अन् त्याच मातीतला ‘ळ’ चा ‘य’ झाला की फिदीफिदी हसतो!

आयोजकांनो, पुढच्या वर्षी गुणपत्रिकेतून तो ‘उच्चारशुद्धी’चा रकाना काढा. त्याजागी ‘मुद्दा पोचला का?’ एवढं लिहा. अन् त्या पोरीचे कापलेले मार्क आधी परत द्या.