हौस त्यांची, माल कंपनीचा

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस' हा मोबाईल गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात आला. त्याआधी तो निवडक शौकिनांना खेळायला दिला होता. कुठे अडतो, कुठे बंद पडतो, ते त्यांनी फुकट कळवायचे. यालाच बीटा चाचणी म्हणतात. याच कामासाठी कंपन्या पगारी माणसेही ठेवतात!

आमच्या वसमतच्या हळद बाजारात हमालाला हमाली आणि तोलणाऱ्याला तोलाई मिळते. मजुरी ठरवूनच कामाला लावावे, ही तर आपली दीनी शिकवण. रात्रभर खेळून फजर बुडवणाऱ्यांचे कौतुक आम्हाला नाही. पण दोष हुडकणारी नजर हाही हुनरच आहे. मुलांनी मोबदला विचारावा. तो नसेल तर निदान लेखी दाखला मागावा. नोकरीच्या अर्जाला तो जोडता येईल.