गव्हल्यांची फिर्याद

येथे हैदराबादेत एका मौंजीच्या पंक्तीत पास्ता वाढला गेला आणि त्यावरून आमच्या देवळाच्या मंडळीत जे वादळ उठले, ते अद्याप शमलेले नाही. परदेशी अन्न मंगलकार्यात शिरले, आता आचार तो काय उरला, असा फिर्यादी पक्षाचा सूर आहे. त्या पदार्थात कांदा, लसूण, अंडे यांपैकी काहीही नव्हते, हे त्या पक्षालाही मान्य आहे. आक्षेप आहे तो केवळ परकेपणावर. आम्ही फिर्याद तपासून पाहिली. आमच्या मते तीत आरोपीच चुकीचा धरला गेला आहे.

पास्ता म्हणजे कठीण गव्हाचा रवा भिजवून, मळून, आकार देऊन वाळवलेला जिन्नस. आमचा बन्सी गहू त्याच जातकुळीचा. मग आमचे वळवट ते दुसरे काय? चिमटीत वळून गव्हाच्या दाण्यासारखा केला तो गव्हला. इटलीत अशाच दाणेदार प्रकाराला ओर्झो, म्हणजे जव, असे नाव आहे. विदर्भात काडीभोवती गुंडाळून सरगुंडे करतात आणि आमरसाशी खातात. कॅलाब्रियातील बायका हाच उद्योग लोखंडी सळईवर करतात. मराठवाड्याची वरणफळे आणि तिकडील शेतकऱ्याचा घेवड्याबरोबर शिजवलेला पास्ता, ही दोन्ही गरिबाघरची एका भांड्यातली जेवणे. गोवा-कोकणातील शिरवाळे तांदळाचे, साच्यातून दाबून काढलेले आणि नारळाच्या गोड रसात बुडालेले. त्यांचे धान्य निराळे, घराणे हेच. कोणी कोणाकडून उचलले, हा वाद आम्ही मुळीच मांडत नाही. भिजलेल्या पिठाला बोटे लागली की असे आकार कोठेही सुचावेत.

फरक आहे तो पुढेच. इटलीने १९६७ साली कायदा करून वाळवलेला पास्ता कठीण गव्हाचाच असावा असे ठरविले. बोलोन्याच्या व्यापारी मंडळाने १९७२ साली तालियातेल्ले नावाच्या पट्टीची शिजल्यावरची रुंदी ८ मिलिमीटर, अशी रीतसर नोंदवून ठेवली. आम्हां वकिलांना हे वाचून हसू यावे, पण हसू येत नाही. मालती आणि बोटवे यांत भेद काय, हे सांगणारा दाखला आमच्याकडे कोणत्या दप्तरात आहे?

सार्डिनियातील नुओरो गावची गोष्ट तर देवळाच्या मंडळींनी अवश्य ऐकावी. तेथे हाताने ओढून ओढून कणकेचे २५६ तंतू काढतात, ते तीन थरांत आडवेतिडवे पसरून उन्हात वाळवतात, आणि लूला येथील संत फ्रान्सिसच्या यात्रेला रात्रभर पायी जाणाऱ्या भाविकांना तो प्रसाद म्हणून मिळतो. नाव 'सु फिलिन्देउ', म्हणजे देवाचे धागे. (मेंढीच्या रश्शात वाढतात, तेवढा भाग आम्ही सोडून देतो.) करणाऱ्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, पण यात्रा आहे म्हणून पदार्थ आहे. आमच्या शहरात चारमिनारच्या आसपास रमजानात शेवयांचे ढीग लागतात तेही याच कारणाने: ईद आहे, म्हणून शीरखुर्मा आहे.

आम्हांसही प्रसंगांची वाण नव्हती. लग्न-मुंजीचा मुहूर्त सुवासिनींनी गव्हले वळून करावा, पुढे त्यांचीच खीर व्हावी, अशी रीत होती. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही येथेच राहिलो. भाषा सांभाळली, पंक्ती सांभाळल्या. वळवट मात्र रुखवतात मांडण्यापुरते उरले. हे कोणी पास्त्याने केले नाही. लेकीसुना शिकल्या, नोकऱ्यांस लागल्या, आणि ते योग्यच झाले. दुपारभर पाटावर वाकून बसणे हा त्यांचा जन्मसिद्ध धर्म नव्हे. आता संस्कृती बुडाल्याचा आक्रोश करणाऱ्या पुरुषमंडळींपैकी, आम्हांसकट, एकानेही जन्मात एक गव्हला वळलेला नाही. ज्या पंक्तीवरून वाद माजला तीत खीर होती ती तांदळाची. ती पाहून गव्हले कोठे आहेत, असे कोणी विचारले होते काय?

तेव्हा पास्ता बंद करण्याचा जो ठराव येऊ घातला आहे, त्यास आमचा विरोध राहील. त्याऐवजी आम्ही दुसरा मांडू: येत्या चैत्रात देवळाच्या ओवरीत आठ दिवस वळवटाचा वर्ग भरावा, ज्या वृद्ध स्त्रियांच्या हातात ही विद्या आहे त्यांना मंडळाने रोख मानधन द्यावे, आणि वळायला पुरुषांनीही बसावे. रव्याचा खर्च आम्ही सोसू. अनुमोदन फिर्यादी पक्षाने द्यावे.