शाळेत मोजणी होऊ द्या



शाळेत पोरांना बिडी-सिगारेट, दारूबद्दल प्रश्न विचारायचे म्हटले की आपल्यात कुरकुर सुरू होते. "जेटीवरच्या पोरांचं नाव खराब होईल!" आमचं मत उलट आहे. मासळी काट्यावर घातल्याशिवाय आपण वजन मानत नाही. मग पोरांच्या बाबतीत अंदाजावर का चालायचं?

देशात २०१९ साली १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांचं तंबाखू सर्वेक्षण झालं. ८.५ टक्के मुलं तंबाखू घेत होती. कागदावर नाव लिहायचं नसतं, त्यामुळे कोणाचं पोर काय करतं ते कोणालाच कळत नाही.

"पोरं खोटं लिहितील." काही लिहितीलच. म्हणून युरोपातल्या अशा सर्वेक्षणात मुळात नसलेल्या एका नशेचं नाव मुद्दाम घातलं होतं. तीही घेतली म्हणणारा फुशारकी मारतोय हे लगेच कळतं.

आइसलँड हा आपल्यासारखाच मासळीवर जगणारा देश. तिथे १९९८ साली १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ मध्ये ती ५ टक्क्यांवर आली. त्यांनी पुन्हापुन्हा मोजलं, आकडे शाळेला आणि आईबापांना दाखवले, पोरांना रात्री उशिरा बाहेर राहू दिलं नाही, खेळ आणि संगीतासाठी पैसे दिले. नुसत्या मोजणीनं व्यसन सुटत नाही, पण उपाय लागू पडतोय की नाही ते मोजल्याशिवाय कळत नाही.

खरी भीती दुसरीच आहे. "सिगारेट कुठून मिळते?" हा प्रश्नही असतो. कायद्यानं १८ च्या आत तंबाखू आणि गोव्यात २१ च्या आत दारू विकायची नाही. पण जाळी शिवताना बिडी आणायला आपण कोणाला पाठवतो? उत्तर "घरातून", "बोटीवरून" असं आलं तर नाव पोरांचं नाही, आपलं निघेल. निघू दे.

अटी मात्र घाला. नाव नको, वर्गशिक्षकानं कागद बघायचे नाहीत, शाळेचे आकडे पेपरात नकोत, निकाल पालकांच्या बैठकीत सांगायचा आणि दोन वर्षांनी परत तेच प्रश्न विचारायचे.

पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा विषय आला तर होकार द्या. आला नाही तर तुम्हीच काढा. बायकांवर सोडू नका, बापांनीही जा.