चौकशीचे पत्र आणि बंद दार

गेल्या पावसाळ्यात आपल्या समाजातील एक तरुण अभियंता माझ्याकडे सल्ला घ्यावयास आला. नोकरीनिमित्त तो चार वर्षे परदेशी होता व तेथे गोल्फचा खेळ शिकला होता. परत आल्यावर आपल्या शहरातील एका गोल्फ क्लबाकडे त्याने साधी चौकशी केली : सभासद व्हावयाचे असल्यास नियम काय, वर्गणी किती, अर्ज कोठे मिळेल? दोन पत्रांस पोचही आली नाही. मग त्याने फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी प्रथम आडनाव विचारले, मग “मूळचे कुठले?” असे विचारले, मग “आमच्यापैकी कोण सभासद आपल्या ओळखीचे आहेत?” असे विचारले आणि शेवटी “सध्या प्रवेश बंद आहेत” असे सांगितले. त्याच आठवड्यात त्याच्या कचेरीतील एका सहकाऱ्याने तशीच चौकशी केली. त्या सहकाऱ्यास दुसऱ्या दिवशी अर्जाचा नमुना घरपोच मिळाला.

“वकीलसाहेब,” तो तरुण म्हणाला, “मला कोणी नाही म्हटले नाही. मग दावा कशाबद्दल करावयाचा?”

त्याचा प्रश्न बिनतोड होता, आणि हा लेख त्या प्रश्नाकरिता आहे.

कोणी म्हणेल, गोल्फ हा धनिकांचा खेळ. आपल्या माणसांच्या भाकरीशी त्याचा संबंध काय? ह्या आक्षेपाचे उत्तर महाडने 1927 सालीच दिलेले आहे. चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावाचून कोणाचा प्राण जाणार होता म्हणून सत्याग्रह झाला नव्हता. जे सर्वांचे आहे त्यावर आपलाही हक्क आहे, हे सिद्ध करण्याकरिता तो झाला होता. शिवाय गोल्फच्या हिरवळीवर केवळ चेंडू मारला जात नाही. तेथे अधिकारी, व्यापारी व कारखानदार सकाळचे चार तास एकमेकांच्या सोबतीने चालतात आणि ओळखी पक्क्या होतात. त्या ओळखींच्या वाटेवर पाटी हलके हलके फिरवून ठेवली, म्हणजे परीक्षेतील गुणांनी जे मिळावयाचे ते तेथल्या तेथे अडते.

आता ह्या क्लबांची रीत पाहा. जुन्या धर्तीच्या क्लबात इच्छुकास थेट अर्ज करता येत नाही. त्याला एक सूचक व एक अनुमोदक लागतो. दोघेही जुने सभासद असले पाहिजेत. त्याचे नाव फलकावर लावतात, म्हणजे कोणास हरकत असल्यास ती गुपचूप चिटणिसाच्या कानी जावी. मग गुप्त मतदान होते. पूर्वी ते पांढऱ्या व काळ्या गोळ्यांनी होई, आणि थोड्याशा काळ्या गोळ्या माणसास बाहेर ठेवावयास पुरत. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल क्लबात तर अर्जच चालत नाही. निमंत्रण आले तरच सभासदत्व. ह्या सर्व रीतीत एक समान गुण आहे : नकार कोणी दिला, केव्हा दिला व का दिला, ह्याचा कागद कोठेच राहत नाही.

बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. एखादा वर्ग स्वतःभोवती कुंपण घालून घेतो व त्यातून जात कशी घडते, ह्याची मीमांसा त्यात आहे. सूचक, अनुमोदक व काळी गोळी ही त्याच कुंपणाची साहेबी वेषातील आवृत्ती होय. जन्माचा दाखला मागण्याची तेथे गरज पडत नाही. ज्यांच्या बापजाद्यांस आत कोणी ओळखत नव्हते, त्यांस आजही कोणी ओळखत नाही, एवढ्यानेच काम भागते.

ह्या कुंपणाचा इतिहास उघड आहे. अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेने 1934 साली सभासदत्व गोऱ्या वंशापुरते राखणारे कलम आपल्या घटनेत घातले; ते 1961 साली निघाले, तेही कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी महाधिवक्त्याने कायद्याचा बडगा उगारल्यानंतर. अलाबामातील शोल क्रीक क्लबाच्या संस्थापकाने 1990 साली आपला क्लब काळ्यांना घेण्यास बांधलेला नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्याच वर्षी तेथे राष्ट्रीय अजिंक्यपदाचे सामने व्हावयाचे होते. जाहिरातदारांनी पैसे काढून घेताच काही आठवड्यांत त्या क्लबास एक कृष्णवर्णीय सभासद सापडला. ऑगस्टा नॅशनलनेही पहिला कृष्णवर्णीय सभासद त्याच वर्षी घेतला, आणि स्त्रियांस तर 2012 साली घेतले. स्कॉटलंडमधील म्युरफील्ड येथील मंडळींनी 1744 साली ह्या खेळाचे पहिले 13 लेखी नियम केले. परंतु स्त्रीला सभासद करण्याचा नियम त्यांस 2017 पर्यंत करता आला नाही. 2016 च्या मतदानात 64 टक्के मते अनुकूल पडली, पण दोन-तृतीयांश न भरल्याने ठराव पडला. ओपन स्पर्धा येथे भरणार नाही असे जाहीर होताच पुढल्या वर्षी 80 टक्के मते पडली. वर्षभरात मनुष्यस्वभाव बदलला काय? नाही. बाहेर ठेवण्याची किंमत वाढली, एवढेच झाले.

आपल्या रक्ताच्या माणसाचे उदाहरणही आहे. सेवसंकर ऊर्फ ‘पापवा’ सेवगोलम हा दक्षिण आफ्रिकेतील हिंदी मजूर वंशातला, दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारा कॅडी. त्याने 1959, 1960 व 1964 साली डच ओपन जिंकली. 1963 साली डर्बन येथे तो नाताळ ओपन जिंकला, तेव्हा त्याला पावसात बाहेर उभे करून चषक देण्यात आला. क्लबाच्या इमारतीत गोरे मंडळी कोरडी बसली होती. मैदानावर सर्वांस हरविणाऱ्यास छपराखाली जागा नव्हती.

आपल्याकडेही इंग्रजी अमदानीत युरोपियनांच्या क्लबांत भारतीयांस मज्जाव होता. म्हणूनच गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन ह्यांच्या पुढाकाराने मुंबईत दोघांकरिता वेगळा क्लब निघाला. इंग्रज गेले, खुर्च्या राहिल्या, आणि दारावर तोंडाकडे पाहून माणसाची किंमत ठरविण्याची खोडही राहिली. 2017 साली राजधानीतील दिल्ली गोल्फ क्लबात पाहुणी म्हणून भोजनास आलेल्या एका खासी स्त्रीस, ती जैनसेम हा आपला पारंपरिक पोशाख नेसली होती एवढ्यावरून, मोलकरीण समजून उठून जाण्यास सांगण्यात आले. हे देशभरच्या वृत्तपत्रांत आले. मोलकरीण असणे हा जणू गुन्हा, आणि मोलकरणीसारखे दिसणे हा त्याचा पुरावा!

क्लबांचे वकील म्हणतील : घटनेच्या कलम 19 ने संघटन-स्वातंत्र्य दिले आहे, घरी कोणास जेवावयास बोलवावे हे सरकार ठरवीत नाही, तसे क्लबात कोणास घ्यावे हेही ठरवू नये. हा युक्तिवाद पोकळ नाही. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा पोटनियम वैध ठरविला. इंग्लंडातही 1973 साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने ईस्ट हॅममधील एका राजकीय क्लबाच्या बाजूने निर्णय दिला. भारतीय वंशाच्या अर्जदारास त्या क्लबाने रंगावरून नाकारले होते. परंतु जेथे सभासदांची खरोखर वैयक्तिक निवड होते तो क्लब म्हणजे ‘जनता’ नव्हे, म्हणून त्यास कायदा लागू नाही, असे न्यायाधीशांचे मत पडले. ह्याचा अर्थ ध्यानी घ्या : गाळणी जितकी बारीक, तितके संरक्षण अधिक!

पण इंग्लंडच्या पार्लमेंटने तेथे हात टेकले नाहीत. 1976 च्या वंशसंबंध कायद्याने 25 व त्याहून अधिक सभासदांचे क्लब कायद्याखाली आणले. 2010 च्या समता कायद्याने ते तत्त्व पुढे नेले आणि सभासद होऊ इच्छिणाऱ्या माणसास, तसेच पाहुण्यासही संरक्षण दिले. दिवाणखाना आणि संस्था ह्यांत फरक आहे, हे त्या देशाने मान्य केले. चार मित्रांचा खेळ निराळा आणि शेकडो एकर जमिनीवर शेकडो सभासदांनी चालविलेली संस्था निराळी.

आपल्या घटनेत ह्या फरकाचे बीज आहे. कलम 15(2) केवळ सरकारला उद्देशून नाही. दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तळी, रस्ते ह्यांच्या बाबतीत ते खासगी माणसासही बांधते. ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावयाचा, मोबदला घेऊन सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो, असा खुलासा बाबासाहेबांनी 1948 साली घटना समितीत केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात त्याचाच आधार घेतला. तरीही खासगी संस्थांच्या भेदभावाविरुद्ध सर्वसमावेशक कायदा आपल्या देशात आजही नाही. ‘अस्पृश्यता’ सिद्ध करा, असे म्हटले की ज्याच्या पत्रास उत्तरच आले नाही तो काय सिद्ध करणार?

म्हणून लढा चौकशीच्या पायरीवरच दिला पाहिजे. शासनाच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर जे गोल्फ क्लब उभे आहेत, त्यांच्या पट्ट्याचे नूतनीकरण करताना पुढील अटी घातल्याच पाहिजेत. सभासदत्वाचे नियम छापून प्रसिद्ध करावे. प्रत्येक चौकशी आवक-जावक नोंदवहीत तारखेसह नोंदवावी व 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. जात, मूळ आडनाव, मूळ गाव विचारू नये. सूचक-अनुमोदकाची सक्ती नसावी. प्रतीक्षायादी क्रमवार व उघडी असावी. नकार दिल्यास कारण लिहून द्यावे व त्यावर अपील असावे. ज्यांस ह्या अटी जाचक वाटतील त्यांनी स्वतःच्या पैशाने विकत घेतलेल्या जमिनीवर खुशाल खेळावे.

पुराव्याची सोयही आहे. परदेशांत गोल्फ क्लब स्वतःच गुप्त चौकशीकर्ते पाठवून आपले नोकर नव्या गिऱ्हाइकास नीट उत्तर देतात की नाही हे तपासून घेतात; धंद्याकरिता जी परीक्षा चालते ती समतेकरिताही चालली पाहिजे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली घरभाड्याच्या खटल्यात, खोटी माहिती दिल्या गेलेल्या कृष्णवर्णीय परीक्षकास दाव्याचा हक्क मान्य केला. आपल्याकडे सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल ह्यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींस सारख्या पात्रतेचे, फक्त आडनाव वेगळे असलेले अर्ज पाठविले. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे दलित आडनावास पुढील बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश भरली. आडनाव बोलते, ही आपली तक्रार कल्पित नाही. ती मोजली गेलेली आहे.

नवदीक्षित बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कित्येकांनी दीक्षेबरोबर आडनावही बदलले आहे. “मूळचे आडनाव काय?” असा प्रश्न कोणी केला, तर उत्तर देण्याचे बंधन आपणांवर नाही. लपविण्याचेही कारण नाही. परंतु विचारणाराचे नाव, हुद्दा व तारीख त्याच क्षणी लिहून ठेवा. चौकशी तोंडी करू नका. लेखी करा, नक्कल ठेवा, पोच मागा. उत्तर न आल्यास स्मरणपत्र पाठवा. मौन हाच ज्यांचा बचाव आहे, त्यांच्या मौनावर तारखा घालणे हे आपले पहिले काम.

त्या तरुणास मी तेच सांगितले. त्याने तिसरे पत्र रजिस्टर टपालाने पाठविले आहे. त्याची पोचपावती माझ्या फाइलीत लागली आहे, आणि ती फाइल मी बंद करणार नाही.